कर्नलसाठी तळलेल्या पोळ्या

६ मार्च, सोमवार

कागदावर काहीही लिहिलेलं असो, या कॅन्टीनचा ठेका मला पडला तो एक दुभती घोडी, तोंडातले दोन सोन्याचे दात आणि बायकोचा अबोला या भावात. घोडी गेली ठेका देणाऱ्या साहेबाच्या मेहुण्याच्या दावणीला. दातांची झाली नवी कढई. अबोला अजून चालू आहे, तो कुठवर जातो बघू. तरी सौदा वाईट नाही. हमरस्त्याच्या फाट्यावर पत्र्याच्या टपरीत ट्रकवाल्यांना शेवयांचं कालवण वाढत माझी उमर गेली. आजपासून अंतराळात यानं उडवणारी माणसं माझ्या हातचं जेवणार.

अंतराळतळाच्या कोकतोम स्टेशनवर उतरलो, तेव्हा वारा असा की टोपी धरावी की पिशवी, हे ठरवावं लागलं. फाटकावरच्या शिपायानं सगळं सामान हुंगून पाहिलं. काझीचं, म्हणजे आतड्यात भरलेल्या घोड्याच्या मांसाचं, एक लांबलचक वेटोळं त्याच्याकडेच राहिलं. मी म्हटलं, खा बाबा, पहिलं गिऱ्हाईक तू.

कॅन्टीन उभं आहे जुन्या चौथऱ्याच्या काठावर. यान उडतं त्या जागेला इथं सगळे चौथराच म्हणतात. जुना आता नुसता काँक्रीटचा माळ, त्यावर उंट बसतात. नवे दोन दूर आहेत, एक माणसं नेणाऱ्या यानांसाठी, एक बिनमाणसाच्या. भटारखान्याच्या कोपऱ्यातून जिना खाली जातो, मग बोळ, मग हाताच्या चाकानं बंद होणारं हे जाडजूड पोलादी दार. पूर्वी तो बंकर होता. आत बर्फासारखा गारठा, म्हणून आता मांस तिथं टांगतात. फुकटचा गारठा. अशा गोष्टी बघून मला फार आनंद होतो.

हाताखाली बायका आहेत, त्यांची म्होरकी रायखान आपा. साठीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली की आधीचा ठेकेदार तुझ्याहून जाड होता, तोही टिकला नाही. मी म्हटलं, आपा, मी जाडीवर नाही, कानांवर टिकतो. खोटं नाही ते. माझे कान हीच माझी मिळकत. शेवटच्या टेबलावरचा गडी शेजाऱ्याच्या कानात ‘रस्सा पातळ झालाय’ म्हणाला तरी मला चुलीपाशी कळतं. आजवर माझ्या पाठीमागे कुणी काही बोलला आणि मला ऐकू आलं नाही, असं झालेलं नाही.

९ मार्च, गुरुवार

यानात इंधन भरणारी टोळी सगळ्यात आधी जेवायला येते. हे लोक बाहेरून साधे दिसतात, पण अंगाला एक गोडूस जळका वास असतो. त्यांना तळाकडून रोज फुकट दूध मिळतं, विष उतरायला म्हणून. त्यांचा मुकादम तोक्सान. जन्माच्या वेळी आजा नव्वदीचा होता म्हणून पोराचं नावच ‘नव्वद’ ठेवलं. तो म्हणतो, दुधानं विष उतरतं की नाही ठाऊक नाही, सरकारची लाज मात्र उतरते.

आज दुपारी एक यान उडालं. इथं विचारायची रीत अशी की भरलेलं की रिकामं? माणसं असली तर भरलेलं. आजचं रिकामं होतं. रिकाम्यासाठी कुणी मान वर करत नाही. तोक्सान बोलता बोलता थांबला, आणि अख्ख्या कॅन्टीननं एकदम आपापले चहाचे कटोरे टेबलावरून उचलून हातात धरले. मी बावळटासारखा बघत राहिलो. मग जमीन हलली, भिंती गुरगुरल्या, माझा चहा माझ्या मांडीवर. केवढे हसले! म्हणे, ठेकेदाराचं पहिलं उड्डाण ओल्या पाटलोणीत झालं.

१० मार्च, शुक्रवार

शुक्रवारी बायका शेलपेक तळतात. आपल्या घरोघरी तळतात तशाच पातळ पोळ्या, सात. गरम तेलाचा वास गेलेल्यांना पोहोचतो आणि ती त्यांची आठवड्याची भाकर. तळणारीनं त्यांची नावं घ्यायची. खाणाऱ्यानं खाण्याआधी ‘पोहोचो’ म्हणायचं. हे मी आईच्या चुलीपाशी शिकलो. इथं बायका तळतात त्या ‘दाराच्या माणसांसाठी’. जुन्या चौथऱ्यावर जळून गेलेल्यांना इथं सगळे असंच म्हणतात.

जाता जाता धंद्याची एक गोष्ट. या बायका या पोळ्यांचं मीठ चाखून बघत नाहीत, अंदाजानं टाकतात. आजच्या अळणी होत्या.

मी कांदा चिरत होतो. रायखान आपा तेलावर वाकून एकेक नाव घेत होती. मधेच म्हणाली, कोझाबेक.

कोझाबेक म्हणजे माझे वडील. आगीच्या बंबाचे ड्रायव्हर.

आता लिहूनच टाकतो. घोडी दिली ती केवळ फुकटच्या गारठ्यासाठी नाही दिली. मी लहान होतो तेव्हा जुन्या चौथऱ्यावर इंधन भरलेलं एक यान गळत होतं. इंधन काढून न घेता तसंच दुरुस्त करा, असा हुकूम सुटला. पेट घेतला. चौथऱ्यावरची माणसं जिना उतरून या बंकरकडे धावली, वडील त्यांना पुढे घालून शेवटी होते. आतून दार बंद होतं. चाक धरून उभा होता खोलमिन नावाचा मेजर. बाहेरचे थापा मारत राहिले. त्यानं चाक सोडलं नाही. आईला सांगण्यात आलं की ते लोक दारापर्यंत पोहोचलेच नव्हते. आईनं वडिलांचं प्रेत धुतलं होतं. तिनं तळहात पाहिले होते.

खोलमिन पुढे कर्नल झाला. जिवंत आहे. प्रत्येक भरलेल्या यानाला पाहुणा म्हणून येतो आणि इथंच जेवतो.

१५ मार्च, बुधवार

पक्कं झालं. पुढचं भरलेलं ३१ तारखेला, शुक्रवारी. पाहुण्यांत खोलमिनचं नाव आहे.

रायखान आपाला मी कुणाचा मुलगा ते सांगितलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि माझे कान निरखले. म्हणाली, हे कान त्याचेच. मग जे सांगितलं ते मला नको होतं. ती तेव्हा भांडी घासणारी पोर होती आणि त्या दिवशी आत होती, बंकरमध्ये, चहा घेऊन गेलेली. म्हणे आत माणसं खच्चून भरली होती. दार उघडलं असतं तर आग आत आली असती आणि तीही आज नसती. म्हणाली, कर्नल चाक धरून रडत होता, मी पाहिलं. त्याच्यावर दात धरू नकोस, बाळा, त्यानं नंतर काय केलंय ते तुला—

मी म्हटलं, आपा, रस्सा लागतोय, बघ तिकडे. रडत होता म्हणे! माझी आई पण रडत होती. तिला कुणी कर्नल केलं नाही.

२४ मार्च, शुक्रवार

आज पोळ्या तळताना आपाला गप्पा मारता मारता विचारलं. या पोळ्या कुणी ‘पोहोचो’ न म्हणता खाल्ल्या तर? ती म्हणाली, असा करंटा कोण असेल? मी म्हटलं, समज एखाद्या परक्याला माहीतच नसेल. तेव्हा कपाळाला आठ्या घालून म्हणाली की वासानं बोलावलं, पंगतीला बसवलं आणि घास दुसऱ्याच्याच पोटात गेला, तर उपाशी माणूस काय करेल? ज्याच्या पोटात घास गेला त्याच्या मागे लागेल. तिच्या आईच्या गावात एकाच्या मागे असे लागले होते. तो भरल्या ताटासमोर वाळून मेला.

मी कणीक मळत राहिलो. हात मस्त चालले. कितीतरी वर्षांत इतकी हलकी कणीक मळली नव्हती.

खोलमिन रशियन. त्याला कुठून ठाऊक असणार?

३१ मार्च, शुक्रवार

सगळं सविस्तर लिहितो, हा दिवस पुन्हा येणार नाही.

सकाळपासून तळावर लग्नघराची गडबड. यानात जाणाऱ्या तिघांची बस गेली तेव्हा अख्खी वस्ती रस्त्यावर. मी बायकांना म्हटलं, जा तुम्ही पण, पोळ्या आज मी तळतो. रायखान आपाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मुलानं बापासाठी तळणं म्हणजे पुण्यच. गुडघ्यांमुळे ती आणि आणखी दोघी मोरीपाशी भांडी घासत थांबल्या.

मी तेल तापवलं आणि एकेक नाव घेतलं. हळू, नीट, कुणी सुटू नये असं. वडिलांचं सगळ्यात शेवटी. काय वास सुटला! पहिली पोळी तुकडा मोडून चाखली. मीठ झकास. मोडकी पोळी पाहुण्यासमोर कशी ठेवणार, म्हणून तीही मीच संपवली. उरलेल्या सहा थाळीत रचल्या.

खोलमिन एकटाच कोपऱ्यात बसला होता, जिन्याच्या दाराकडे तोंड करून. वाळकुडा, गुळगुळीत दाढी केलेला, हातात काठी. यान उडताना तो बघायला बाहेर जात नाही म्हणे. आल्या आल्या रायखान आपाला आपल्याच भाषेत गुडघ्यांचं विचारलं. शिकलाय चार वाक्यं, पोपटासारखी. चहा मागितला तोही आपल्यासारखा, दूध आधी.

मी थाळी ठेवली. म्हटलं, कर्नलसाहेब, ताज्या आहेत, सगळ्या तुमच्याच. तो थाळीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी किटली धरून त्याच्या खांद्याशी वाकून उभा राहिलो, कान टवकारून. त्यानं तुकडा तोडला. तोंडात घातला. एक शब्द नाही. शपथेवर सांगतो, एक शब्द नाही! माश्या घोंघावत होत्या, मोरीत पाणी पडत होतं, सगळं मला ऐकू येत होतं. त्याच्या तोंडून काही नाही.

सहाही संपवल्या. म्हाताऱ्याची भूक बघून मी चाट पडलो. मग जमीन हलली आणि त्यानं कटोरा उचलून हातात धरला. भिंती थरथरत होत्या, बाहेर लोक ओरडत होते, आणि मी भटारखान्यात जाऊन पोट धरून हसलो. आवाज यानाच्या गर्जनेत गेला.

बाबा, या सगळे. तुमचं पान मांडलंय. तो तिथं बसलाय.

१ एप्रिल, शनिवार

झोप अशी लागली की उशीवर लाळ. खोलमिन पाहुण्यांच्या घरात मुक्कामाला आहे, ते तिघं वर पोहोचल्याची खबर येईपर्यंत. सकाळी लापशी खाल्ली त्यानं. मी त्याच्याकडे कसाई मेंढ्याकडे बघतो तसं बघत होतो. गाल बसलेत का? हात कापतोय का? घाई नाही. मी इतकी वर्षं थांबलो.

मला मात्र आज कडकडून भूक लागते आहे. आनंदानं लागते असं म्हणतात.

२ एप्रिल, रविवार

खोलमिन नाश्त्याला आला नाही! मी शीळ घालत सगळ्यांना मांसाचा एकेक तुकडा जास्त वाढला. तोक्सानची टोळी म्हणाली, ठेकेदार वेडा झालाय, लवकर वाटी पुढे करा.

दुपारी कळलं की म्हातारा मासे धरायला गेला होता. गालावर लाली घेऊन परत आला, हातात हा एवढा मासा, आणि मलाच म्हणाला, तळून दे.

तळून दिला. एक गंमत झाली. कढईत मासा चरचरत होता, पण वास आला नाही. सर्दी झाली असावी.

४ एप्रिल, मंगळवार

खोलमिन काल गेला. गाडीच्या खिडकीतून हात हलवत. ठीक आहे, कुठेही जा, दाराची माणसं गाडीच्या मागे यायला समर्थ आहेत.

सर्दी नाही. नाक मोकळं आहे. पण कांदा, मटण, जिरं, कशालाच वास नाही. शिंक येईपर्यंत हुंगलं, वास नाही. बाकी सगळ्यांना येतो.

आणि भूक. सकाळी लापशीचं पातेलं, मग भाकऱ्या, मग चरबीसकट मांस. पोटात काही पडलंय असं वाटतच नाही. रिकाम्या विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये तसं. बायका हसतात. तोक्सान म्हणाला, ठेकेदारानं ठेका नाही, कॅन्टीनच खायला घेतलंय.

जेवणाच्या भर गर्दीत थाप ऐकू आली. खालून. उघड्या तळहाताची, सपाट. मी आपाला विचारलं, खाली कोण अडकलंय? ती म्हणाली, कुणी नाही रे. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिला ऐकू आली नाही.

५ एप्रिल, बुधवार

मांस काढायला बंकरमध्ये गेलो. गारठा सांडू नये म्हणून दार ओढून घ्यायची सवय. मी आत असताना थाप. बाहेरून. बोळातून.

चाक फिरवून उघडलं. कोणी नाही. दाराच्या बाहेरच्या अंगावर दव धरलं होतं आणि त्यावर पंजे. काळे, काजळीचे. फार खाली. पोरांच्या उंचीवर म्हणावं, तर पंजे मोठ्या माणसांचे. मग कळलं, गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर.

फडक्यानं पुसले. फडकं काळं झालं. म्हणजे माझ्या मनाचा खेळ नाही.

माझ्याकडे का येतात? मी तर त्यांचाच.

७ एप्रिल, शुक्रवार

बायकांनी पोळ्या तळल्या. सगळ्या म्हणतात, आज काय खमंग वास सुटलाय. मी कढईवर वाकलो, भुवया जळल्या, वास नाही. माझ्या नाकापाशी येईपर्यंत कुणीतरी तो काढून घेतं.

आपानं पोळी दिली. मी म्हणायला गेलो, पोहोचो. जीभ उचललीच नाही. सगळ्या बायका थांबून बघत होत्या. मी तसाच उभा, तोंड उघडं, पोळी हातात. आपाचा चेहरा पांढरा पडला. हळूच म्हणाली, एसिरकेप, बाळा, तू न म्हणता कधी खाल्लंस?

मी म्हटलं, कधीच नाही.

जिन्यावरून खाली जाताना आठवलं.

मीठ. मी मीठ चाखलं.

नुसतं चाखलंही नाही, अख्खी संपवली. सवयीनं. फाट्यावर हजार वेळा केलं तसं. नावं सगळी माझ्याच तोंडानं घेऊन, वासानं सगळ्यांना बोलावून— आणि पहिला घास मीच.

९ एप्रिल, रविवार

पट्ट्याला नवीन भोक पाडलं. दुसरं. दिवसभर खातो आणि वाळतो.

पुन्हा सात तळल्या, सगळ्यांची नावं घेऊन, हात जोडून. चाखल्या नाहीत. सात घरी दिल्या. सात घरांनी म्हटलं पोहोचो, पोहोचो. मोठ्यानं म्हणायला लावलं मी त्यांना. एका म्हातारीनं विचारलं, बाळा, आजारी आहेस का, मानेची शीर दिसते तुझी.

दुपारी थापा दुप्पट जोरात. ही भाकर नको आहे त्यांना. ती हवी आहे. जी गेली ती.

जेवढा राग मी धरून ठेवला होता, तेवढाच त्यांच्याकडे पण होता तर. मला वाटलं होतं तो फक्त खोलमिनसाठी आहे.

११ एप्रिल, मंगळवार

पळालो. तोक्सानच्या ओळखीचा ट्रक होता. फाट्यापर्यंत गेलो असेन, माळावर लाल फुलंच फुलं, ड्रायव्हर गात होता. माझ्या बाजूच्या दारावर थाप. बाहेरून. ट्रक पळत होता.

उतरलो. परत आलो. जाऊन काय, घरी बायको आहे, तिच्या दारावर—

नको.

१२ एप्रिल, बुधवार

बाबांचा आवाज मला आठवत नाही. लहान होतो. खोकला आठवतो, कोरडा, दोनदा आणि मग खाकरणं.

आज बोळात कुणीतरी खोकलं. दोनदा. मग खाकरलं.

मी म्हटलं, बाबा, मी एसिरकेप. थाप थांबली. मला वाटलं, ओळखलं. मग दाराच्या फटीतून हुंगल्याचा आवाज आला. लांब श्वास. कुत्रं ताटाजवळ घेतं तसा. माझं नाव नको होतं त्यांना.

१३ एप्रिल, गुरुवार

बायका भटारखान्यात पाठ फिरवून काम करतात. माझ्या हातचं कुणी खात नाही. तोक्सान म्हणाला, कालवणाला चवच नाही, धुतल्यासारखं. त्यांच्याही ताटातलं जातंय आता. मी वाढलेलं सगळं—

जिन्याच्या वरच्या पायरीवर काजळी. म्हणजे चढताहेत.

१४ एप्रिल, शुक्रवार

बंकरमध्ये आहे. आतून. दार ओढून घेतलंय, चाक धरलंय डाव्या हातानं, उजव्यानं लिहितोय, पेन्सिल आहे. वर एक रिकामं उडणार आहे थोड्या वेळात, कटोरे उचला रे कुणीतरी—

ते भटारखान्यात आले होते. भर दुपारी. चुलीपाशी. दिसत नाही, पण तेलाची वाफ वर जाता जाता कुणाच्या तरी तोंडात जाते, तेवढं दिसतं. खूप तोंडं. मी खाली पळालो. दुसरीकडे दार नाही.

चाक फिरतंय. बाहेरून जोर लावतात. मी परत फिरवतो. लोखंड ऊबदार झालंय, इथं, या गारठ्यात.

सोडलं असतं तर? सोडवत नाही. हात सुटतच नाही चाकावरून. असा उभा होता तो. इथंच. माझ्यासारखाच, दोन्ही पाय रोवून—

खोकला. दोनदा.

बाबा, नाही उघडत मी. मला माफ— नाही उघडत.

सगळीकडे मांस टांगलंय. दातांनी तोडून कच्चं खाल्लं. काही नाही पोटात.

सकाळी आपाला सगळं सांगितलं. कबूल केलं, मुद्दाम वाढल्या खोलमिनला, न म्हणता खाव्यात म्हणून. निदान एवढं सांग, आपा, त्यालाही लागलेत ना? तोही वाळतोय ना कुठेतरी? एवढंच सांग मला.

ती बसलीच खाली. म्हणाली, अरे, त्याची बायको आपल्यातली होती, बाल्झान. तिनं शिकवलं त्याला. इतकी वर्षं दर शुक्रवारी दाराच्या माणसांसाठी तो न चुकता ‘पोहोचो’ म्हणून खातो. त्याला फोन केला होता परवा, ठणठणीत आहे, मासे धरतोय. तेच तर सांगत होते तुला, तू रस्सा बघायला पाठवलंस. आणि त्या दिवशीही म्हणाला की, पोहोचो. आपल्या भाषेत. मोठ्यानं, दोन्ही हात पसरून. मला वाटलं, तू शेजारीच आहेस, तुला—

चाक. जोरात.

मोरीपाशी नळ चालू होता, तरी तिघींना स्पष्ट ऐकू आलं. पहिली पोळी तेव्हा माझ्या पोटात होती, मी त्याच्या खांद्याशी उभा होतो, किटली धरून, आणि मला ऐकू—